साखरपुड्याचे बिनसाखरी लाडू

माझ्या बाबांना मधुमेह आहे, आणि माझ्या सासऱ्यांनाही. पहिल्याच बैठकीत हे दोघे एकमेकांना आपापल्या गोळ्यांची नावं सांगत रंगून गेले, तेव्हाच मी मनातल्या मनात हळद लावून घेतली. मूल गावचा तो भातशेतीवाल्यांचा मुलगा मला मनापासून आवडला होता.

साखरपुडा आमच्या ऊर्जानगरच्या, वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये ठरला. आमच्यात अंगठीच्या आधी व्याही एकमेकांना लाडू भरवतात, आणि समोरच्याचा हात परत फिरवायचा नाही अशी रीत आहे. बाबांना व्याह्यांच्या शुगरचा घोर लागला. त्यांनी चंद्रपूरहून साखरेऐवजी वापरायची पांढरी पावडर आणली आणि आईकडून ती घालून बेसनाचे लाडू करवून घेतले, खास दोघांपुरते, वेगळ्या डब्यात.

"इतकी पावडर पोटाले झेपन का?" आई म्हणाली.

"साखरच नाई त्यात. मंग भेव कायचं?"

लाडू झकास झाले होते. कित्येक वर्षांनी बिनधास्त गोड खायला मिळालेली ती दोन माणसं! एक भरवी, दुसरा परतफेड करी, आणि डबा रिकामा होईस्तोवर कोणी हात आखडला नाही.

थोड्याच वेळात सासरे घाईने उठले आणि संडासात गेले. क्वार्टरमध्ये संडास एकच. दाराबाहेर बाबा पोट धरून उभे. इकडे बैठकीत मुलाच्या आत्याचा आवाज चढला, "पोराच्या बापाले काय चारलं यायनं? अशा घरी सोयरीक नाई करायची." अंगठी अजून ताटातच होती. मुलगा सतरंजीचा धागा ओढत बसला, त्याचा मला असा राग आला की काय सांगू.

शेजारचे डॉक्टर आले. पुडा वाचून म्हणाले, ही पावडर आतड्यात नीट शोषली जात नाही, उलट पाणी ओढून घेते. एवढी खाल्ली तर कोणाचंही पोट बिघडेल. मधुमेहात आतड्याचं अस्तर आधीच नाजूक झालेलं असू शकतं, आणि या गोड पावडरींचा त्यावर काय परिणाम होतो हे अजून पुरतं कळलेलं नाही, तेव्हा बेतानंच खावं.

"पण चारलं त यायनंच ना?" आत्या हटेना.

तेवढ्यात सासरे घामाघूम होऊन बाहेर आले. त्यांनी बाबांना दंडाला धरून आत ढकललं. "जा भाऊ, आता तुमचा नंबर." मग आत्याकडे वळले. "बाई, कोणाच्याही घरी गेलो का लोक माह्या समोरची गोडाची प्लेट उचलून नेतात. या माणसानं माह्यासाठी वेगळा डबा केला. पोट बिघडलं त बिघडू द्या. मले पोरगी याच घरची पाहिजे."

आत्याने पदराने तोंड पुसलं आणि ती खाली बसली. भटजी मुहूर्त टळतो म्हणून कुरकुरले, तर सासऱ्यांनी त्यांनाही बसवलं आणि संडासाची कडी वाजवली. "भाऊ, आरामात होऊ द्या. तुमच्याशिवाय अंगठी घालत नाई."

सगळं वऱ्हाड त्या दाराकडे तोंड करून थांबून राहिलं. मी नटूनथटून पाटावर बसले होते, हसता हसता डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि आतून बाबांचा आवाज आला, "आलोच, व्याही."