आधी बसा, चहा नंतर

शेवटच्या भेटीत विमलताई एका नर्सला रागवत होती. विमलताई म्हणजे माझी नणंद, डॉक्टर विमल. हॉस्पिटलच्या खाटेवर उशांना टेकून बसलेली, बोलताना धाप लागत होती, आणि तेवढ्यात ती पोरगी ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन आली आणि ताईच्या दंडाला पट्टा गुंडाळायला लागली. "अगं थांब की," ताई म्हणाली. "मी आत्ता वहिनीशी बोलतेय, हसतेय. आधी मला जरा गप्प बसू दे, मग घे. नाहीतर आकडा माझा येणार नाही, गप्पांचा येईल." पोरगी बिचारी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "थांब बाई. हिने याच्यासाठी अख्ख्या वसाहतीचा राग ओढवून घेतलाय, तू तर एकटीच आहेस." ताई हसली, मग डोळे मिटून शांत बसली... त्याच आठवड्यात ती गेली. सकाळी फोन आला तो ह्यांनी घेतला, आणि माझ्या हातात दिला. आता महिना होत आला. भेटायला येणारे म्हणतात, बाईंनी फार सोसलं. सोसलं असेल, पण मला आठवतो तो तिचा ताठा. मला तिचा अभिमान वाटतो आणि तो मी मोकळेपणाने लिहिणार आहे. ती असती तर तिने लिहू दिलं नसतं.

ताई आणि आमचे हे मूळचे मनमाडचे. सासरे रेल्वेत गँगमन. बौद्ध वस्तीतलं दोन खोल्यांचं घर, समोर यार्ड आणि दिवसभर कोळशाचा धूर. सासूबाईंचं डोकं सारखं दुखायचं. दुखायला लागलं की त्या यार्डामागच्या पिंपळाखाली जाऊन बसायच्या आणि परत यायच्या त्या ठणठणीत होऊन. लहानगी विमल त्यांना विचारायची, "आई, डोकं दुखायचं झाडामुळं थांबतं, का तिथं तुला कोणी हाक मारत नाही म्हणून थांबतं?" सासूबाई ही गोष्ट मला कितीदा तरी सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "तवाच मी वळखलं, ही पोरगी सुखानं बसायची नाय आन दुसऱ्याला बसू द्यायची नाय." त्या वस्तीतून डॉक्टर झालेली ती पहिली मुलगी. तिच्या निकालाच्या दिवशी सासऱ्यांनी साऱ्या गँगला पेढे वाटले होते.

सत्तरच्या दशकात मी लग्न होऊन नाशिकला आले, तेव्हा ताई आमच्याकडेच राहायची. सातपूरकडे एका कारखान्याची कामगार वसाहत होती, तिथल्या दवाखान्यात तिची नोकरी. वसाहतीत इमारतींच्या दोन रांगा. खोल्या एकसारख्या, पगार एकसारखे, शिफ्टही त्याच. फरक एवढाच, की एका रांगेसमोर जुन्या कडुनिंबांचं मोकळं मैदान होतं आणि दुसरीसमोर ट्रकांचा रस्ता. मधे उंच भिंत. ताईला दवाखान्यात बसून वाटायला लागलं, की रस्त्याकडची माणसं जास्त आजारी पडतात. झोप नाही, छाती धडधडते, डोकं दुखतं. झाडाकडची माणसं त्या मानाने कमी येतात. नुसतं वाटून उपयोग नाही म्हणून दवाखाना सुटला की ती मशीन उचलून वसाहतीत फिरायला लागली आणि बायकांचं ब्लडप्रेशर मोजायला लागली. त्या काळी असल्या गोष्टीला कोणी संशोधन म्हणत नव्हतं. कारखान्याचे एक अधिकारी तिला म्हणाले, "डॉक्टरबाई, झाडाखाली बसून बीपी उतरत असेल तर आम्ही औषधं कशाला मागवतो? फांद्याच वाटू की!" ताई घरी येऊन हे इतकं हसत सांगायची, की मलाच राग यायचा.

ऐंशीच्या आसपास बातमी आली, की कारखाना ते मैदान साफ करून तिथे गोदाम बांधणार आहे. झाडाकडच्या बायका हवालदिल झाल्या. त्यांची पोरं तिथेच खेळायची, त्यांची धान्यं तिथेच निवडली जायची. आणि नेमकं त्याच वेळी ताईचं मोजणं पुरं झालं. फरक काय थोडाथोडका होता? रस्त्याकडच्या बायकांचे आकडे झाडाकडच्यांपेक्षा एवढे वर, की ताईने स्वतःच दोनदा बेरजा केल्या. वसाहतीत ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. मॅनेजरसाहेबांनी मीटिंग बोलावली, ताईने तिथे आकडे मांडायचे असं ठरलं. बायका तिला वाटेत थांबवून म्हणायच्या, "बाई, आता झाडं तुमच्या हातात." मी तर आनंदाने शिरा केला. ताईने तो दोनदा मागून घेतला, हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचे काही दिवस ती धड जेवली नाही.

झालं असं. रस्त्याकडच्या रांगेतली शांताबाई नावाची बाई पोराचा खरचटलेला गुडघा घेऊन दवाखान्यात आली. गर्दी होती म्हणून बराच वेळ बाकावर बसून राहिली. तिचं ब्लडप्रेशर ताईने आदल्याच आठवड्यात घरी मोजलं होतं आणि ते चांगलंच वाढलेलं निघालं होतं. म्हणून ताईने जाता जाता पुन्हा पट्टा बांधला. अगदी नॉर्मल! ताईने पुन्हा मोजलं. तेच. मग तिने विचारलं, "शांताबाई, मी घरी आले होते, तेव्हा मी यायच्या आधी तुम्ही काय करत होता?" शांताबाई म्हणाली, "काय करनार? डाक्टरीनबाई घरी येनार म्हनून सकाळपासून घर आवरलं. नवं लुगडं नेसले. साखर संपलेली, ती आनाया खाली पळाले, वर आले तर श्टो पेटंना. तुमी दारात अन माझा चा नाय झाला, लय धांदल झाली बघा." ताईने पट्टा सोडला.

तिला सगळं कळलं होतं. झाडाकडच्या बायका दुपारी निंबाखाली गहू निवडत निवांत बसलेल्या असायच्या, ती तिथेच त्यांचा हात हातात घ्यायची. रस्त्याकडच्यांना बाहेर बसायला जागाच नव्हती, म्हणून ती त्यांच्या घरात जायची, आणि घरात आलेल्या पाहुण्याला चहा दिल्याशिवाय कोण सोडतं? तिने मोजली होती ती पाहुणचाराची धावपळ. त्या संध्याकाळी आमच्याकडे वादावादी झाली. हे म्हणाले, "मीटिंग तोंडावर आलीय. झाडं वाचतायत तर वाचू देत. शांताबाईचा चहा तिथं कोण काढणार आहे?" ताई म्हणाली, "दादा, आज मी हे आकडे दिले आणि उद्या दुसऱ्या कोणी नीट मोजलं, तर माझा फरक पुसला जाईल. मग पुढे झाडाचं नाव काढणाऱ्या प्रत्येकाला लोक हसतील. एका मैदानासाठी मी सगळीच झाडं घालवू का?" मला त्या क्षणी ती फार मोठी वाटली.

मीटिंगला मीही मागे बसले होते. ताई उभी राहिली आणि म्हणाली, "माझे आकडे चुकलेत. मी चुकीच्या रीतीने मोजलं. मला पुन्हा मोजायला वेळ द्या." फांद्या वाटायला निघालेले अधिकारी गालात हसले. मॅनेजरसाहेबांनी दिवाळीपर्यंतचा वेळ दिला. त्यात फार उदारपणा नव्हता, पावसाळ्यात खोदकाम होणारच नव्हतं. बाहेर मात्र बायका आमच्याशी बोलायला तयार नव्हत्या. काल वाट अडवणाऱ्या बायकांनी आज तोंडं फिरवली. एक म्हातारी तर मोठ्याने म्हणाली, "बाईनं झाडं इकली." ताईने ऐकलं, आणि आम्ही बसस्टॉपकडे चालायला लागलो.

दुसऱ्या दिवशी तिने मनमाडहून आणलेली निळ्या पट्ट्यांची सतरंजी काढली आणि काखेत मारली. त्या पावसाळ्यात ती सतरंजी वसाहतीतल्या प्रत्येक घरात अंथरली गेली. मी शिक्षिका, शाळेला सुट्टी असली की मीही बरोबर असायचे. झाडाकडे असो की रस्त्याकडे, ताईची रीत एकच. घरात शिरायचं, सतरंजी अंथरायची आणि बाईला शेजारी बसवायचं. "आधी बसा. चहा नंतर. आणि बोलू नका." बायकांना चहा थांबवणं जमलं, गप्प बसणं काही जमेना! एकीला हसू फुटायचं, एकीला नेमकी सासूची तक्रार आठवायची. ताई पुन्हा पहिल्यापासून थांबायची. हळूहळू बायकांना त्याची गोडी लागली. एकजण म्हणाली, "दिवसभरात एवढंच बसले बघा." रुसलेल्या बायकाही एकेक करून परत आल्या. ती म्हातारी मात्र शेवटपर्यंत कुरकुरतच हात पुढे करायची.

दिवाळीच्या तोंडावर दुसरी मीटिंग झाली. फरक निघाला होता, पण पहिल्यासारखा डोळे दिपवणारा नाही. ताईने तो आहे तेवढाच सांगितला. "फरक लहान आहे, पण आहे. आणि पहिल्या वेळी मी का चुकले, तेही ऐका. एका रांगेतल्या बाईला दाराबाहेर बसायला सावली आहे, दुसरीला नाही. माझी चूक तिथून झाली, आणि या बायकांचं दुखणंही तिथूनच सुरू होत असावं. साहेब, गोदाम दुसरीकडे होईल. ही सावली दुसरीकडे होणार नाही." मग तिने कोणाच्या ध्यानीमनी नसलेली मागणी केली. मधल्या भिंतीत एक फाटक पाडा, म्हणजे रस्त्याकडच्या बायकाही झाडाखाली येतील. फांद्यावाले अधिकारी पहिल्यांदाच कागदाकडे बघत होते. गोदाम वसाहतीच्या मागच्या पडीक जागेवर गेलं. कोपऱ्यातली एक चिंच त्याच्या रस्त्यासाठी पडली, बाकी निंब राहिले आणि फाटकही झालं. पुढे तिचा लेख डॉक्टरांच्या एका मासिकात छापून आला. त्यात तिने आपली पहिली चूक आधी लिहिली होती आणि निष्कर्ष नंतर. बाहेरगावचे डॉक्टर ते मैदान बघायला यायचे, तेव्हा ती त्यांनाही आधी खाली बसवायची.

परवा तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. घर पांढऱ्या कपड्यांनी भरलं होतं. वंदना झाली, लोक बोलले, आणि मी आतबाहेर धावत होते. पाणी द्या, कप मोजा, आणखी दूध आणा. ती गेल्यापासून माझं हेच चाललं होतं, येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात चहा द्यायचा. शांताबाई आली होती, आता काठी टेकत चालते. मी तिच्यापुढे कप धरला. तिने तो घेतला नाही. कोपऱ्यात घडी करून ठेवलेली निळ्या पट्ट्यांची सतरंजी तिने ओढली, हाताने झटकली, अंथरली आणि माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, आधी बसा. चा नंतर." मी म्हटलं, "अहो, माणसं खोळंबलीत..." ती म्हणाली, "बोलू नगा."

मी बसले. ताई गेल्यापासून पहिल्यांदाच मी नुसती बसले, आणि मग मला रडू आलं.