बाबांच्या भिंतीतली काच

घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत आतल्या खोलीला खिडकीच नव्हती. पक्षाघाताने आडवे झालेले बाबा तिथे पडून असायचे आणि त्यांच्याकडे जायची वाट स्वयंपाकघरातूनच. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दादासाठी मुली बघायच्या म्हणून घराचं काम काढलं, तेव्हा मधल्या भिंतीत काच बसवायचं ठरलं. बाबांना उजेड मिळेल, आईला ओट्यापासून ते दिसतील.

मी म्हटलं, तारेच्या जाळीची काच हवी, लोखंडी चौकटीत. त्या दिवसांत मी बायकांच्या संघटनेत होते, स्टोव्ह भडकून भाजलेल्या बायकांबद्दल वस्त्यांतून पत्रकं वाटायचे. साधी काच आगीत तडकते आणि खाली येते. जाळीची तडकली तरी तारांना धरून राहते, माणसाला बाहेर काढायला वेळ मिळतो. गॅस संपला की नवा सिलिंडर येईपर्यंत आमच्याकडेही स्टोव्हच पेटायचा. आणि बाबांना कुशीवरसुद्धा वळता येत नव्हतं. यात न कळण्यासारखं काय होतं?

दादा हसला. "तुझी पत्रकं घराबाहेर ठेव ना गं. मुलीकडचे येणार. पोरगी काय पोलीस चौकीत देतोय, असं वाटेल त्यांना."

भांडून भांडून मी ती काच आणायला लावली. आईने तिच्यावरून हात फिरवला. "नवं काम आणि चिरा पडल्यासारखी काच? नको बाई."

मी सभेला गेले तेवढ्यात दादाने ती बदलून आणली. परत येते तर भिंतीत दुधी काचेवर कोरलेली राजहंसांची जोडी. शेजारचे "झकास!" म्हणत बघून जात होते. तिच्यातून बाबा दिसतसुद्धा नव्हते.

"हाक मारली की जाईनच ना मी," आई म्हणाली.

मुलीकडच्यांना घर आवडलं. लग्न झालं.

पुढे एका सकाळी आई स्टोव्हला पंप मारत होती आणि तो भडकला. आई मागे सरली म्हणून वाचली. जाळ भिंतीवर चढला, काच फुटून बाबांच्या अंथरुणावर कोसळली. शेजारच्या काकांनी ओली गोधडी टाकून आग विझवली. मी आत धावले. बाबांच्या लुळ्या हातात काचा रुतल्या होत्या आणि त्यांना त्या कळतही नव्हत्या. मी त्या वेचत होते आणि ते जड जिभेने विचारत होते, "तुझ्या आईला लागलं का गं?"

दुसऱ्या दिवशी दादा विटा घेऊन आला. मी ओरडले, "आता तरी जाळीची बसव!"

"तुझी जाळी विटेपेक्षा पक्की आहे का? सुरक्षित पाहिजे होतं ना तुला? घे."

भिंतीतली काचेची जागा विटांनी बुजली. वर गिलावा, रंग. दादा किती काळजी घेतो वडिलांची, असं बिल्डिंगभर झालं. त्यानंतर मी ताट घेऊन आत गेले की बाबा आधी विचारायचे, "हे सकाळचं जेवण की रात्रीचं?"