लेओकादियाचं दाभण

लेओकादिया डुकराच्या मांडीचा वास घेऊन तिचं वय सांगायची. हसू नका, आमच्या डोंगरात या कामाला मान होता. मिठात मुरवून वाऱ्याला टांगलेल्या मांडीत, म्हणजे हॅममध्ये, ती हाडाचं बारीक दाभण खुपसायची, झटकन नाकाशी न्यायची, डोळे मिटायची. मग भोकावर बोटभर चरबी चोपडून निकाल द्यायची. चाळीस वर्षांत तिच्या निकालावर कुणी ‘पण’ म्हटलं नव्हतं.

स्वतः मात्र एक काप तोंडात घालत नसे. आधी नाक बिघडेल म्हणून, आणि सत्तरीनंतर बीपीमुळे. डॉक्टरने मीठ बंद केलं होतं. गोळ्यांची पट्टी तिच्या एप्रनच्या खिशात, दाभणाच्या शेजारीच असायची.

मांड्या मुरवायची वखार तिच्या भाच्याची, ओनोरियोची. तिथे एकदा शहरातल्या विद्यापीठातून आइनोआ नावाची मुलगी आली आणि तीन-तीन वर्षं मुरलेल्या मांड्यांचे तुकडे डब्यांत भरू लागली.

“काय शोधतेस गं? किडे?” लेओकादियाने विचारलं.

“नाही हो आजी. मांस मुरत जातं तसे त्यातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे पडतात. पेप्टाइड म्हणतात त्यांना. त्यातले काही बीपी थोडं उतरवतात, असं दिसतंय.”

“मग खाऊ मी?”

“अजिबात नाही! अजून प्रयोगशाळेत आणि थोड्याच माणसांवर पाहिलंय. ते काही औषध नव्हे. आणि मीठ ते मीठच.”

“म्हणजे मेलं वासावरच भागवायचं,” लेओकादिया म्हणाली, आणि दोघी हसल्या.

ओनोरियो दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं, पण कामाचं तेवढंच ठेवून घेतलं. पुढल्या आठवड्यात म्हणाला, “आत्या, दाभण नाकाशी धर बघू, एक फोटो काढतो. वखारीत लावू.” तिला केवढं अप्रूप! कानात आईच्या कुड्या घालून आली.

वसंतात तिची धाकटी बहीण ओबदुलिया स्वयंपाकघरात कोसळली. ती खालच्या वस्तीत एकटीच राहायची. लेओकादिया धावत पोचली तोवर डॉक्टर येऊन गेले होते. बीपी आभाळाला टेकलेलं, डावा हात बधिर.

“गोळ्या का सोडल्यास गं?”

“तूच सांगितलंस की.”

“मी? कधी?”

ओबदुलियाने उजव्या हाताने टेबलावरचं, ओनोरियोच्या वखारीतल्या हॅमच्या कापांचं पाकीट पुढे सरकवलं. त्यावर कुड्या घातलेली, डोळे मिटलेली लेओकादिया, आणि खाली छापलेलं: ‘रोज चार काप. माझ्या गोळ्या सुटल्या!’

“अगं, मी वास घेतेय त्यात! जन्मात कधी मला खाताना पाहिलंस?”

“मला वाटलं, त्या शहरातल्या मुलीने तुला बरं केलं. आणि राग आला, ताई. एवढी बरी झालीस, आणि मला पाववालीकडून कळावं?”

लेओकादियाने पाकीट हुंगलं. मांडी नऊ महिन्यांचीही नव्हती. मुरायचं काय, मीठसुद्धा अजून धड आत गेलं नव्हतं.

ती तशीच वखारीत गेली. ओनोरियोसमोर दोन व्यापारी बसले होते. तिने गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली. “या माझ्या गोळ्या. रोज घेते. हॅम मी खात नाही. आणि पाकिटातला माल कच्चा आहे. ओनोरियो, ओबदुलिया तुझीही आत्याच ना रे?”

“मी काय तिच्या तोंडात कोंबलं?” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. मग व्यापाऱ्यांकडे वळून, अगदी मायेने: “म्हातारीचं मनावर घेऊ नका. आयुष्यभर नाक अचूक होतं हो, पण आता वय झालं. वास कळत नाही तिला.”

याच पोराला तिने वास घ्यायला शिकवलं होतं. आई गेल्यावर तो तिच्याच कुशीत झोपला होता. व्यापारी तिच्याकडे कीव आल्यासारखे बघत होते. तिने दाभण टेबलावर ठेवलं, गोळ्या उचलल्या आणि बाहेर पडली. कुणी हाक मारली नाही. पाकिटं अजूनही विकली जातात. त्यावरची लेओकादिया अजून डोळे मिटून बसली आहे.

खरी लेओकादिया रोज सकाळी उतार उतरून बहिणीकडे जाते. दोघी दूध-कॉफी करतात, आपापली गोळी काढतात. ओबदुलिया मात्र आधी घेत नाही.

“तू घे आधी.”

लेओकादिया गिळते.

“तोंड उघड. जीभ वर कर.”

चाळीस वर्षं सगळ्या डोंगराने जिचा शब्द न तपासता घेतला, ती रोज सकाळी धाकट्या बहिणीपुढे आ करून बसते. ओबदुलिया बघते, पुन्हा नीट बघते, आणि मगच आपली गोळी तोंडात टाकते.