निंबा नानाच्या प्लेटा

निंबाला कामाचा कंटाळा होता, हे फैजपुरात कोणाला सांगायची गरज नव्हती. केळी कापणाऱ्या टोळीत त्याचं नाव होतं, पण घड उतरवायची वेळ आली की त्याला तहान लागायची आणि घड ट्रकपर्यंत वाहायची वेळ आली की पोट दुखायचं. त्यातलं पोटाचं तेवढं खरं निघालं. जांघेत लिंबाएवढी गाठ आली होती, खोकला की फुगायची. गावातल्या डॉक्टरने आंतरगळ, म्हणजे हर्निया, म्हणून सांगितलं. ऑपरेशन साधं आहे, लवकर करून घे, असंही बजावलं.

त्याची बायको धुरपदाबाई त्याला जळगावला घेऊन गेली. ऑपरेशनआधी रक्त तपासायचं होतं, म्हणून सर्जनने पिंप्राळ्याच्या एका लॅबमध्ये पाठवलं. शहाण्णव साल होतं. रक्ताच्या पेशी मोजणारं यंत्र तेव्हा जळगावात नवं नवं आलं होतं. या लॅबवाल्याने ते घेतलं, काचेच्या खोलीत ठेवलं, वर एसी लावला आणि स्वतःच्या डोळ्यांना सुट्टी देऊन टाकली. पूर्वी हाच माणूस काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरवून, त्याला रंग देऊन मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचा. आता यंत्र कागद बाहेर टाकायचं आणि हा खाली सही करायचा.

निंबाच्या कागदावर प्लेटलेट अठरा हजार आल्या. प्लेटलेट म्हणजे रक्तातल्या अगदी बारीक पेशी. कुठे कापलं तर रक्त थांबवायचं काम त्यांचं. धडधाकट माणसात त्या दीड लाखाच्या वर असतात. इतका पडलेला आकडा दिसल्यावर कुठल्याही लॅबवाल्याने उठून एक काचपट्टी करून बघितली असती. याने सही केली.

सर्जन त्याच्याहून सवाई. त्याने कागद बघितला आणि खुर्ची मागे सरकवली. हा रक्ताचा मोठा आजार दिसतोय, मुंबईला दाखवा, इथे चाकू लावला तर रक्त थांबायचं नाही, असं म्हणून त्याने हात वर केले. धुरपदाबाईने सांगून बघितलं की परवाच यांच्या बोटाला कोयता लागला होता, चिमूटभर हळद दाबली आणि रक्त तेवढ्यावर थांबलं. सर्जनने तोवर पुढच्या पेशंटला हाक मारली होती.

दुसरा कोणी असता तर या बातमीने खचला असता. निंबाही परतीच्या बसमध्ये यावलपर्यंत रडला. पण फैजपूरच्या स्टँडवर उतरल्यावर माणसं भोवती जमली, कोणी पाणी दिलं, कोणी पिशवी घेतली, आणि त्याचं रडं थांबलं. घरी पोचेपर्यंत त्याला आजाराचं मोल कळलं होतं.

काल-परवापर्यंत सगळी गल्ली त्याला निंब्या म्हणायची. आठवडाभरात तो निंबा नाना झाला. ओट्यावर गोधडी अंथरली गेली. येणारा मोसंबी घेऊन यायचा, डाळिंब घेऊन यायचा. ज्या मुकादमाने त्याला कामचोर म्हणून दोनदा टोळीतून काढलं होतं, तो शहाळं घेऊन आला आणि खाली मान घालून बसला. वस्तरा लागेल म्हणून निंबाने दाढी करणं सोडलं. दाढी वाढल्यावर त्याच्या बोलण्याला वजन आलं. जमिनीच्या वाटणीत आणि पोरींच्या सोयरिकीत लोक त्याचा सल्ला घेऊ लागले. "माझ्या प्लेटा कमी आहेत," असं तो डोळे मिटून म्हणायचा, आणि प्लेटा म्हणजे काय ते न कळणारी माणसंही हळहळायची. मुंबईला कधी जाणार, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, आता वर बसलेला नेईल तिकडे जायचं.

घर मात्र चालायला हवं होतं. धुरपदाबाईने त्याचा कोयता घेतला आणि टोळीत गेली. बाईने घड कापायचे म्हणून सुरुवातीला बागवाले हसले. महिन्याभरात हसणं बंद झालं, कारण तिने कापलेल्या घडाला ओरखडा नसायचा.

दिवाळीनंतर तिचा भाऊ रुपचंद आला. तो धुळे डेपोत एसटीचा ड्रायव्हर. ओट्यावरचा दरबार बघून त्याला संशय आला. मुंबई लांब आहे तर धुळ्याला तरी चला, असं म्हणून त्याने बहिणीला बरोबर घेतलं आणि मेव्हण्याला जवळजवळ उचलूनच बसमध्ये घातलं. निंबा सबंध वाटेवर कण्हत होता.

धुळ्याला रक्त तपासणाऱ्या एक डॉक्टरबाई होत्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी निंबाच्या हिरड्या पाहिल्या, अंगावर कुठे काळेनिळे डाग आहेत का ते पाहिलं. एकही नव्हता. मग बाटलीत रक्त घेतलं आणि शिवाय बोटाला टोचून एक थेंब थेट काचेवर पसरवला. दोन्हींच्या पट्ट्या रंगवून त्या बराच वेळ मायक्रोस्कोपवर वाकून होत्या. नंतर त्यांनी भावाबहिणीलाही आत बोलावून दाखवलं. बाटलीतल्या रक्तात जांभळे ठिपके पुंजक्यापुंजक्यांनी चिकटलेले होते. बोटाच्या रक्तात तेच ठिपके सुटे, काचभर विखुरलेले होते.

"निंबा भाऊ, तुम्हाला रक्ताचा काही आजार नाही," बाई म्हणाल्या. "रक्त गोठू नये म्हणून बाटलीत औषध असतं. काही माणसांच्या प्लेटलेट त्या औषधाने एकमेकींना चिकटतात. यंत्राला पुंजका मोजता येत नाही, म्हणून आकडा कमी येतो. अंगात त्या भरपूर आहेत. आंतरगळ मात्र खरी आहे, तिचं ऑपरेशन करून घ्या."

मरणाच्या दारातून परत आलेला माणूस अशा वेळी काय करेल? निंबाचा चेहरा पडला. तो म्हणाला, "पण बाई, तुम्ही नीट पाहिलं का?"

बाहेर आल्यावर धुरपदाबाई आपल्या माहेरच्या बोलीत भावाला म्हणाली, "रगत बठ्ठं चांगलं शे. माणूसच नासेल शे."

फैजपूरला परतल्यावर निंबाने गल्लीत सांगितलं की धुळ्याच्या बाईकडे मशीन नाही, ती बिचारी अजून डोळ्यांनीच बघते. दोन दिवसांनी तो एकटाच जळगावला गेला, पिंप्राळ्याच्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. तीच बाटली, तेच औषध, तेच यंत्र. आकडा आला पंधरा हजार. लॅबवाल्याने सही केली. निंबा निवडणूक जिंकल्यासारखा गावात आला, आणि ओट्यावर पुन्हा मोसंबी यायला लागली.

वैशाखात एका दुपारी आंतरगळ अडकली. गाठ दगडासारखी झाली, आत जाईना, आणि निंबा हिरवं ओकायला लागला. धुरपदाबाईला बागेतून बोलावून आणलं. ती चिकाने माखलेल्या हातांनीच जीपमध्ये बसली आणि त्याला जळगावला त्याच सर्जनकडे घेऊन आली.

सर्जनला निंबा आठवला. प्लेटलेटवाला ना? याला मी हात लावणार नाही, मुंबईला न्या, असं त्याने दारातूनच सांगितलं. मुंबईला पोचेपर्यंत काय होईल हे त्याला कळत होतं, पण ते त्याच्या टेबलावर झालं नसतं.

स्ट्रेचरवरून निंबाने त्याचा कोट धरला. "साहेब, मला आजार नाही," तो म्हणाला. "धुळ्याच्या बाईंनी सांगितलंय. मला काही नाही झालेलं. कापा."

आठ महिने ज्याने दाढी वाढवून आजार मिरवला, त्याच्यावर आता विश्वास कोण ठेवणार? दुखण्यात पेशंट काहीही बोलतो, असं सर्जन म्हणाला. तेव्हा धुरपदाबाई दारात आडवी उभी राहिली. धुळ्याला फोन लावा, असं तिने सांगितलं, आणि लावेपर्यंत ती हलली नाही. फोनवर बाई काय बोलल्या ते कोणी ऐकलं नाही, पण सर्जनचे कान लाल झालेले सगळ्यांनी पाहिले. त्याने शहरातल्या एका जुन्या पॅथॉलॉजिस्टला गाडी पाठवून आणलं. त्यांनी बोटाला टोचलं, काचपट्टी केली, बघितली आणि म्हणाले, चला, आधीच उशीर झालाय.

वीतभर आतडं काळं पडलं होतं, ते काढून टाकावं लागलं. रक्त जेवढं जायचं तेवढंच गेलं. निंबा वाचला.

निंबाचे टाके काढायला त्याला घेऊन आली तेव्हा धुरपदाबाई पिंप्राळ्याच्या लॅबमध्ये गेली आणि काय घडलं ते सांगितलं. लॅबवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं. मशीन परदेशी आहे, असं म्हणाला.

पुढच्या हंगामात मुकादमाने धुरपदाबाईच्या हाताखाली वेगळी टोळी दिली. निंबा दाढी करून पुन्हा ओट्यावर बसला. रक्ताचा मोठा आजार त्या ऑपरेशनने मुळासकट गेला, असं तो आता सांगतो, आणि निम्मं आतडं उरलेल्या माणसाने ओझं कसं उचलायचं, असं विचारतो. गल्लीतली माणसं त्याच्या घरासमोरून जाताना पाय जरा भराभर उचलतात.