सोनाबाईंच्या दंडावरच्या गाठी

"डोळे मिटा आणि काय लागतं ते सांगा," मी म्हटलं आणि सोनाबाईंच्या दंडावर गार पाण्याची काचेची नळी टेकवली. त्या किंचाळल्या. मला हायसं वाटलं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी नांदुऱ्याच्या दवाखान्यात नवा डॉक्टर. सोनाबाई वडनेर भोलजीच्या दाई. अर्ध्या गावाची नाळ त्यांनी कापलेली. दंडावर वाटाण्याएवढ्या सात लालसर गाठी उठल्या आणि गावानं ठरवून टाकलं, महारोग.

"तीन महिने झाले, कोनी बोलावत नाई मले," त्या म्हणाल्या. "घरची सून लेकरू माह्याजवळ देत नाई. दुखनं सोसते मी, डाक्टरसायेब. हे नाई सोसत."

महारोगात बहुधा चामडी बधिर होते. यांना तर पदर घासला तरी कळ यायची. पण बहुधा म्हणजे नेहमी नव्हे. गाठींच्या महारोगात कधीकधी संवेदना शाबूत असते. म्हणून एक गाठ काढून बायॉप्सीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, पाठवायची ठरवली.

माझे वरिष्ठ म्हणाले, "कशाला कापाकापी? लेप्रसीच्या दवाखान्यात पाठवा आणि मोकळे व्हा."

"सर, तिथल्या रजिस्टरात नाव चढलं की गाव ते कधी खोडणार नाही."

त्यांनी बायॉप्सीच्या कागदावर सही केली. "एकच गाठ. जबाबदारी तुमची."

नागपूरहून रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. लायोमायोमा. थंडीनं अंगावर काटा येतो, तो केसांच्या मुळाशी असलेल्या बारीक स्नायूंमुळे. त्या स्नायूंच्या या गाठी. कॅन्सर नाही, संसर्ग नाही. गार लागलं की गाठ आवळते, म्हणून कळ. उरलेल्या सहा गाठी मी जागा बधिर करून दोन खेपांत काढल्या.

मग वडनेरला जाऊन रिपोर्ट चावडीत वाचून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. सोनाबाईंना बोलावणं मात्र आलं नाही.

महिन्याभरानं भर दुपारी पोलीस पाटलाची सून अडली. पाटलीणबाई स्वतः धावत सोनाबाईंच्या दारात गेल्या.

"आता काऊन आल्या?"

"चाल वं माय, मंग भांडू!"

मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. पुढच्याच आठवड्यात सोनाबाईंना दोन घरांतून बोलावणी आली.

दोन वर्षांनी दंडावर तीन नव्या गाठी आल्या. या आजारात तसं होतं, मी आधीच सांगितलं होतं. त्याही काढल्या. या वेळी गावात कोणी चकार शब्द काढला नाही. मी एवढंच शिकलो, रिपोर्ट डॉक्टरला पटतो. गावाला बाळंतपण लागतं.