टिकलीचं बटण

मी गाव सोडलं त्या दिवशी एसटीला उशीर होता, आणि आम्ही दोघी जावा फाट्यावरच्या शेडात बसून एका फोनला टिकली लावत होतो.

फोन आक्काचा. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. माझ्या लेकानं, बालाजीनं, तिच्यासाठी बटणाचा साधा फोन आणला होता. दोनचं बटण दाबून धरलं की सरळ माझ्या फोनची घंटी वाजणार, अशी सोय करून ठेवलेली. पण आक्काला आकडे येत नाहीत. बालाजी सांगून सांगून बेजार झाला. "मोठी माय, वरच्या वळीतलं मधलं." आक्का म्हणली, "बाबा, ह्या वयात मला वळ बी दिसत न्हाई आन मधलं बी." मग मी पिशवीतून नातीसाठी घेतलेलं टिकल्यांचं पाकीट काढलं आणि एक लाल टिकली त्या बटणावर दाबून बसवली.

आक्कानं फोन लांब धरून बघितला. म्हणली, "माझं कुकू पुसून जमाना झाला. फोन तरी सवाष्ण झाला म्हणायचा."

दोघी हसलो. शेडातली माणसं बघायला लागली, की ह्या बाया निरोप देऊन राहिल्या का मस्करी करून राहिल्या. मग एसटी आली, आणि हसायचं तिथंच राहिलं.

आमचं गाव लोह्यापासून आडबाजूला. माझे मालक गेल्यावर बालाजी म्हणला, आई, आता लातूरला चल. त्याची नोकरी इथं, सूनही कामावर जाती, नात सई शाळेत. मी शाळेचं तोंड बघितलेलं नाही. बालाजी लहान असताना त्याच्याच अंकलिपीवर त्याच्यासंगं शिकले, म्हणून त्याला वाटायचं, आई शहरात निभावून नेईल. आक्कालाही चल म्हणलं होतं. तिला मूलबाळ नाही, भावजी तर आधीच गेले. पण ती म्हणली, "म्हशीला कोण बगंल? आन तिथं रस्त्यानं जाताना मला हाक कोण मारंल?"

आमच्या सासूबाई म्हणायच्या, एका दावणीच्या म्हशी आन एका चुलीच्या जावा, लांब सोडल्या तर हंबरून ठिकाणा सांगत्यात. आमचं हंबरणं म्हणजे तो फोन. करार असा ठरला, की रोज दिवेलागणीला आक्कानं टिकलीचं बटण दाबायचं, एक घंटी वाजली की कापायचं. म्हणजे मी खुशाल हाय. मी उचलायचं नाही. दोनदा वाजली तर मात्र काहीतरी काम हाय, मी उलटा फोन लावायचा.

आता शहरातल्यांना वाटेल, रोज बोलायला काय झालं? तर आमच्या गावात घरात बसून रेंज येत नाही. येते ती फक्त वरच्या अंगाला पाण्याच्या टाकीजवळ, तीही टाकीच्या जिन्यावर थोडं चढलं तर. संध्याकाळी सगळा गाव तिथं गोळा होतो. कुणी पुण्याच्या लेकाशी बोलतंय, कुणी कसल्या मेसेजची वाट बघतंय. ज्याचं बोलणं चालू त्याच्या घरची भानगड खाली उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाती. आक्का म्हणायची, "तिथं काय बोलावं बाई? निस्ती घंटी बरी. घंटीत काय बोललं ते कुणाला कळत न्हाई."

आणि इथं लातुरात? आमच्या गल्लीत क्लासची पोरं भरलेली. कानात बोंडं, हातात टॅब्लेट, जेवताना शिकवणी चालू, चालताना शिकवणी चालू. घरातलं वायफाय जरा गेलं की सून फाटकाशी रेंज शोधतीय, बालाजी डब्याचे दिवे बघतोय, सई डोक्याला हात लावून बसलेली, जसं काय घरात कुणी वारलंय. एकदा सईच्या अंगावर पुरळ आलं. सूनबाईनं फोनवर फोटो काढून धाडला, डॉक्टर फोनमधूनच बोलला, औषध दारात आलं. आम्ही उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकला नाही. मला तेव्हा कौतुक वाटलं. आणि कौतुकाच्या मागं कायतरी थंडगार सरपटत गेलं. तेव्हा त्याला नाव देता आलं नाही.

पंचमीला आक्का चार दिवस आली होती. सईनं लाडानं आपला फोन तिच्या हातात दिला, म्हणली, "मोठी आजी, बोटानं सरकव, फोटो बघ." आक्कानं बोट फिरवलं. काच हलेना. दाबलं, घासलं, फुंकर मारून बघितली. सई हसून म्हणली, "तुझं बोट लागतच नाही गं. त्याला वाटतंय, इथं कुणी माणूसच नाही."

आक्का बोट उलटंपालटं करून बघत म्हणली, "खुरप्यानं खाल्लंय सारं. त्याचा काय दोष?" सगळे हसले. मीही हसले असेन. पण ते पोरीचं बोलणं माझ्या कानातून काही निघेना.

कारण गावाकडून एकेक तसंच ऐकू येत होतं. रेशनच्या मशीनवर आक्काचा अंगठा उठेना. दुकानदार म्हणला, मग फोनवर नंबर येईल तो सांगा. नंबर यायला रेंज पाहिजे, म्हणून दुकानापुढची रांग उठून टाकीकडं चालली. पोती दुकानात आणि माणसं जिन्यावर. पिकाची नोंद फोनवरनं, बँकेचं फोनवरनं, कुठल्या योजनेत तुम्ही जिते आहात हे दाखवायचं तेही तोंड फोनपुढं धरून. आक्काची दुहेरी घंटी वाजायची, मी फोन लावला की म्हणायची, "आपल्या वाटणीचा देव देवळात तरी असतोय. हे सरकार टाकीवर चढल्याबिगर भेटतच न्हाई." ती असं हसण्यावारी न्यायची. पण पुढं पुढं तिच्या बोलण्यातलं हसणं कमी झालं. एकदा म्हणली, "हळूहळू आमाला पुसून राहिलेत गं. पाटी पुसल्यावानी. आवाज बी होत न्हाई."

ह्या साली सोयाबीन काढणीच्या सुमाराला मला एक गोष्ट खटकली.

आक्काची घंटी कशी वाजायची ते मला पाठ होतं. धार काढायला वेळ लागला तर उशिरा. कधी अंधार पडल्यावर. आणि ती कधीच नीट एक नसायची. एक वाजून दुसरी अर्धी व्हायची, कारण तिच्या बोटाला कापायचं बटण लवकर गावायचं नाही. ती अर्धी घंटी म्हणजे आक्का. पण आता रोज ठरल्या वेळेला, स्वच्छ एक घंटी, आणि खट्‌कन बंद.

मी बालाजीला म्हणलं, "हे बोट आक्काचं न्हाई."

तो म्हणला, "आई, मिस कॉलला काय बोट असतंय का? शिकली असंल ती."

"ह्या वयात?"

"तूच म्हणतीस ना, शिकायला वय नसतंय."

माझाच शब्द मला परत दिला. पण दुसऱ्या दिवशी घंटी वाजून बंद झाली त्याच पावली मी उलटा फोन लावला. पहिल्यांदा करार मोडला. घंटी देणारं माणूस अजून जिन्यावरच असणार होतं.

फोन उचलला शांतानं. शांता आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, आक्काची लेकीसारखी. माझा आवाज तिनं वळखला. मग म्हणली, "काकू, आक्का पडून हायत. त्यांनीच शपथ घातली हो. म्हणल्या, तिला कळलं तर ती सगळं टाकून पळत येईल, नातीची धाव्वी हाय. रोज एक घंटी देत जा, दुसरं काय सांगू नको."

म्हणजे मी रोज इथं समईला वात लावून, घंटी ऐकून, सुखानं भाकरी खात होते. आणि घंटी सांगत होती ती खुशाली कुणाचीच नव्हती.

सकाळच्या गाडीनं निघालो. अहमदपूर गेलं, लोहा आलं. बालाजी सारखा फोन बघत होता. गावाच्या वाटेला लागलो तशी त्याच्या फोनवरच्या रेंजच्या कांड्या एकेक करून मावळत गेल्या आणि मग गेल्याच. पोरगा कासावीस झाला. मला वाटलं, बाबा, तू तासाभरात घाबरलास, इथं माणसं जन्म काढतात.

आक्का बाजेवर होती. उजवा हात पोटावर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. तोंड एका अंगाला ओढलेलं. मला बघून आधी रागावली. शब्द जाड झाले होते, पण कळत होतं. "शांतीनं... सांगितलं?"

मी म्हणलं, "न्हाई. तुझ्या बोटानं सांगितलं."

शांतानं सगळं सांगितलं ते असं. गाव रानात होता, आक्का गोठ्यात पडली. उपकेंद्रावरची नर्सबाई आली, ती बिचारी एकटी. म्हणली, मोठ्या डॉक्टरला फोनवर दाखवू, हल्ली तशी सोय हाय. पण दाखवायला रेंज पाहिजे. मग चार बायांनी आक्काला बाजेसकट उचललं आणि टाकीखाली नेलं. एकीनं जिन्यावर चढून फोन वर धरला. तोंड खाली करून, आक्काकडं. डॉक्टर दिसला, काहीतरी म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि तसाच थांबला. फोनवरचं चाक फिरत राहिलं. शांता म्हणली, "इकडं आक्काचं तोंड वाकडं हून राहिलेलं, तिकडं डाक्टरचं तोंड उघडं अडकलेलं. आमी दोन्हीकडं बगून राहिलो." मग चित्र गेलं, निस्ता आवाज आला. नर्सबाई म्हणल्या, पेशंट पडलीय, अशक्त हाय, आन तोंड वाकडं म्हणेपर्यंत आवाज मधीच तुटला. त्यानं ऐकू आलं तेवढ्यावर सांगितलं, आराम करू द्या, गोळ्या द्या. वाकडं तोंड त्याला दिसलंच नाही. त्याच्या काचेलाही वाटलं असेल, इथं कुणी माणूसच नाही.

सईच्या पुरळाचा फोटो मात्र पापणी लवायच्या आत पोचला होता.

लातूरच्या दवाखान्यात म्हणाले, हा लकवा, ह्यात सुरुवातीचा वेळच मोलाचा असतो, तो गेला. आता जेवढं येईल तेवढं. म्हैस शांताकडं बांधून, घराला कुलूप लावूनच आक्काला इथं आणलं होतं. निघताना फाट्यावर तिनं मान वळवून शेडाकडं बघितलं. टिकलीची आठवण दोघींनाही झाली.

आता ती माझ्याच खोलीत असते. डोक्याशी ते वायफायचं डबडं, अख्खी रेंज, पाहिजे तेवढी. आणि तिला हाक मारणारं रस्त्यानं कुणी नाही. तिनं सांगितलेलं खरं झालं.

बालाजीनं तिला काचेचा फोन आणला, तो तिच्या डाव्या बोटालाही वळखत नाही. तिला तोच बटणाचा पाहिजे. टिकली अजून आहे, रंग उडालाय. सई परवा म्हणली, "आजी, असले फोन पुढं चालणार नाहीत म्हणतात. त्यांचं नेटवर्कच काढणार आहेत." मी म्हणलं, हळू बोल. पण आक्कानं ऐकलं होतं. बराच वेळ तिनं तो फोन मुठीत धरून ठेवला, मूल कुणी उचलून नेईल म्हणून धरावं तसा.

हे मी वहीत लिहिलं, सई ते फोनवर टाकून गावाच्या ग्रुपला धाडणार आहे. गाव सोडून गेलेले तुम्ही सगळे वाचाल, दोन हात जोडलेली चित्रं धाडाल. शांताला मात्र हे कळायला टाकीचा जिना चढावा लागणार, आणि वाचून दाखवणारं कुणी त्या वेळी तिथं असावं लागणार. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनाच पोचायचं नाही, असं हे आमचं लिहिणं. शांते, तुझी म्हातारी आई एकटी असती ना पलीकडच्या वाडीत? तिची घंटी नीट ऐकत जा. कुणाचं बोट हाय ते ऐक.

मला कुणी विचारतं, आता घर कुठलं तुमचं, गावाकडचं का हे? मी सांगत नाही, पण मला ठाऊक आहे. दिवेलागणीला मी समईला वात लावते. पलंगावरून आक्का डाव्या हातानं टिकलीचं बटण दाबून धरते, आणि माझ्या कमरेच्या पिशवीत घंटी वाजते. ती हातभर अंतरावर असते. तरी वाजवते. पहिल्या पहिल्यांदा ती कापायची, अर्ध्या घंटीवर, तिच्या रीतीनं. आताशा कापायचं बटण तिला सापडत नाही. घंटी वाजतच राहती. सई दुसऱ्या खोलीतून ओरडते, "आजी, उचल की गं."

मी उचलत नाही. आमचा तसा करार नाही. मी कापतही नाही. ती आपसुक थांबेपर्यंत दोघी ऐकत बसतो.