पंचाच्या हातची भाकर

राग म्हणतात तो मला आजही येतो, त्याला मी काय करू?

आमचे मालक गवंडी होते. पन्नास साल उलटलं होतं, पिंपरीच्या माळावर कारखान्यांच्या भिंती भराभर उठत होत्या. त्या कामावर मुकादम होता तो आमच्याच चर्चच्या मंडळीतला, आमच्यासारखाच ख्रिस्ती. ह्यांच्या अंगात ताप असताना त्यानं ह्यांना परांचीवर चढवलं. ‘आज भिंत पुरी झाली पाहिजे,’ म्हणाला. हे वरून पडले ते परत घरी आलेच नाहीत. पदरात दोन लेकरं टाकून गेले.

आणि ऐका, हाच मुकादम मंडळीचा कारभार बघणारा पंच! महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा तुकडा खायचा, तेव्हा भाकरीचं ताट घेऊन सगळ्यांपुढं हाच फिरायचा. ज्या हातानं माझ्या नवऱ्याला शिडी दाखवली, त्या हातचा तुकडा मी तोंडात घालायचा? तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. मी मान खाली घालून बसायची आणि ताट पुढं जायचं. बायका एकमेकींना कोपरानं डिवचायच्या.

उपासना चालवायला पाळकसाहेब खडकीहून सायकलवर यायचे. भला माणूस, पण पालुपद एकच. ‘बाई, देवावर भरवसा ठेवा, तो मनातला कडूपणा काढून टाकील.’ ठेवला की भरवसा! चुलीपुढं रडून प्रार्थना केली, तव्यावरची भाकरी करपली, पण सकाळी उठावं तर राग आपला जागच्या जागी. शेवटी मी देवालाच फैलावर घेतलं. म्हटलं, समुद्र दुभंगवलास, मेलेले उठवलेस, आणि एका बाईच्या छातीवरचा एवढा धोंडा हलवता येईना तुला? बोल की! तो बोलला नाही. मीही भांडण सोडलं नाही. माझं ऐकून घेणारं दुसरं होतं कोण?

प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी तयारीची सभा व्हायची. ज्यांचं बिनसलंय त्यांनी तिथं सगळ्यांसमोर समेट करायचा, अशी रीत. मुकादम दर खेपेला माझ्यापुढं हात जोडायचा. ‘वहिनी, काही चुकलंमाकलं असेल तर माफी असावी.’ मी कशीबशी मान हलवायची, पाळकसाहेब ‘आमेन’ म्हणायचे, की झालं, मिटलं! मिटलं कसलं डोंबल! चुकलंमाकलं म्हणे. आमटीत मीठ जास्त पडलं होतं का?

एका सभेला मात्र माझा ताबा सुटला. त्यानं हात जोडले तशी मी उठून उभी राहिले.

‘काय चुकलं ते बोला,’ म्हटलं. ‘देवाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. तुमच्या तोंडून ऐकू दे.’

पाळकसाहेब म्हणाले, ‘बाई, बसा.’

‘नाही बसायची.’

मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला. मग म्हणाला, ‘ताप होता त्याला. मी कपाळाला हात लावून बघितला होता. भाजत होतं. आज नको म्हणाला, तरी मी चढवलं.’ आणि मटकन खाली बसला.

हात लावून बघितला होता! हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. वाटलं, धावत जाऊन नरडं धरावं त्याचं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, बाई आता माफ केलं म्हणेल म्हणून. मी लेकरांना घेतलं आणि सरळ घरी निघाले.

दुसऱ्या दिवशी ताट घेऊन तोच आला. माझ्यापुढं थांबला, वर बघायची त्याची छाती होईना. मी मनात देवाला म्हटलं, राग गेलेला नाही, उलट दुप्पट झालाय. आहे तसा तुझ्यापुढं आणलाय, माझ्यानं काही होत नाही, आता तू आणि तो राग बघून घ्या. आणि मुकादमाला म्हटलं, ‘द्या इकडं.’

घास उतरायला फार वेळ लागला. पण उतरला.